लूपे आत्याचा कागद

लूपे आत्या,

तू आजारी पडलीस तर डॉक्टरांना उत्तर मी द्यायचं, असा कागद तू पुढे केलास. आपल्या टोंगा बेटांच्या रीतीत आत्याला उलट विचारत नाहीत. कागद इंग्रजीत, मला ते धड वाचता येत नाही; मी न वाचताच सही केली.

"वाचलंस ना रे, माठ्या?" तू विचारलंस.

मी खोटंच 'हो' म्हणून मान हलवली.

काल मी इथे मिल्डुराच्या द्राक्षबागेत कामावर असताना सिडनीहून तुझ्या डॉक्टरांचा फोन आला. "श्वासाची नळी घालू?" मी घाबरून "घाला" म्हणालो. आज मुकादमाकडून कागद वाचून घेतला. 'नळी नको. घरी न्या, चर्चची गाणी ऐकू द्या.'

डॉक्टरांना आत्ताच खरं सांगितलं: मी न वाचताच 'घाला' म्हणालो होतो, आता कागदात आहे तसंच करा. हे पत्र पाठवत नाही. उद्या सिडनीला येऊन तुझ्या उशाशी तो कागद मीच वाचेन, अडखळत का होईना.

तुझा माठ्या,
सेमिसी