तार कोणी लावली

३ फेब्रुवारी
आज नाट्यगृहात रुजू झालो. दादाचीच खुर्ची. खोली लहान, पण खिडकीतून सगळा रंगमंच दिसतो, बरं वाटलं. आवाज आणि प्रकाश इथे एकाच नेटवर्कवर चालतात. माइक, स्पीकर, दिवे, सगळ्यांच्या तारा चोवीस पोर्टच्या, म्हणजे तार खोचायच्या भोकांच्या, एका पेटीत येतात; तिला स्विच म्हणतात. प्रत्येक तारेवर दादाच्या अक्षरातली चिठ्ठी. नेपथ्याचा सुतार म्हणाला, तुझा भाऊ जेवायला एकदा हात धुवायचा, तारेला लावायच्या आधी दोनदा. बऱ्याच दिवसांनी हसलो. वहिनीही हसली. इथे ज्या नाटकाची तालीम चालू आहे, त्यात ती काम करते.

५ फेब्रुवारी
दादा गेला त्या दिवशी तो वर दिव्यांच्या लोखंडी सांगाड्यावर चढलेला असताना सगळे दिवे गेले आणि तो पडला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आज स्विचची नोंद उघडली. त्या दिवशी चार वाजून बारा मिनिटांनी एकाच तारेची दोन्ही टोकं स्विचमध्ये लागली होती. मग तीच माहिती गोल फिरत फुगत जाते आणि दिव्यांपर्यंत हुकूम पोचत नाही. दादाने हे कधीच केलं नसतं.

८ फेब्रुवारी
नेटवर्कला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत एक जास्तीचं यंत्र दिसतं. नाव नाही. कुठल्याच पोर्टला त्याची तार नाही. तालमीत कोणीही माइकवर बोललं, की वरचा मोठा दिवा त्याच्याकडे वळतो. मी हात लावलेला नसतो.

११ फेब्रुवारी
हेडफोनमध्ये दादा. तसंच घसा खाकरणं. मग एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा.
"तार कोणी लावली?"
आधी रडलो. मग लक्षात आलं, त्या आवाजात माया नव्हती.

१२ फेब्रुवारी
सुतार माइकसमोर फुशारकी मारत होता, की इथली तार न् तार त्याने लावली आहे. वरचा दिवा सुटून खाली आला. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. थोडक्यात वाचला.

१४ फेब्रुवारी
बाहेर बाकावर डबा खाताना वहिनी आपणहून बोलली. त्या दिवशी दादाला चहा द्यायला ती खोलीत गेली होती. तो नव्हता. स्विचला लावलेल्या एका तारेचं दुसरं टोक लोंबकळत होतं, म्हणून तिने ते मोकळ्या भोकात नीट खोचून ठेवलं. त्याला नीटनेटकं आवडायचं ना. तिला काहीच कळलेलं नाही.
जवळ माइक नव्हता. नशीब.
सुट्टी घे म्हटलं. म्हणाली, "भाऊजी, घरी बसले तर वेड लागेल मला."
व्यवस्थापकांना नेटवर्क बंद करा म्हटलं, तर म्हणाले, प्रयोग संपल्यावर बघू.

१५ फेब्रुवारी, दुपार
रंगमंचाच्या कडेला वहिनी. छातीवर माइक. पोशाखवालीला दादाच्या आठवणी सांगतेय. "त्याला नीटनेटकं आवडायचं म्हणून त्या दिवशी मी—"
तिचा माइक बंद केला. वेळेत. बहुतेक वेळेत—

हेडफोनमध्ये तोच प्रश्न. थांबत नाही. परत टांगलेला मोठा दिवा फिरतोय, शोधतोय—

म्हटलं, "दादा, तार मी लावली."

प्रश्न थांबला. मग अगदी हळू—
"तू तेव्हा इथे नव्हतास. खोटं कोणासाठी बोलतोस?"

नाव नाही सांगितलं तरी त्याला— मी कोणासाठी खोटं बोलेन, हे त्याच्याइतकं कोणाला—

दिवा वळला. पोशाखवालीला ओलांडून पुढे. वहिनीवर थांबला. तिला वाटतंय दिवा मीच वळवलाय. माझ्या खिडकीकडे बघून हसतेय, हात हल—