दीड मिलिमीटर

अण्णा,

हेड मी दीड मिलिमीटर घासलं होतं. तुम्ही एक सांगितलं होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि तेही तुम्ही नसताना, म्हणजे माझी हिंमत केवढी ते बघा.

सातपूरच्या आपल्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये तुम्ही इंजिन ऐकायला बसलात की सगळ्यांनी गप्प राहायचं, असा तुमचा दंडक. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मग म्हणायचात, "टॅपेट नाय, पिन वाजतीय," आणि उघडल्यावर पिनच निघायची. पार विंचूर-इगतपुरीहून लोक जुन्या गाड्या घेऊन यायचे ते तुमच्या हातासाठी नाही, कानासाठी. तुमची स्वतःची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल माझ्यापेक्षा वयानं मोठी, भंगारातून उचललेली. तिच्यावर डबल सीट बसून कसारा घाट टॉप गिअरमध्ये चढायचा, खालचा गिअर टाकायचाच नाही, हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात. मित्रांनी खिजवलं, "म्हातारीला घाट कुठला झेपतोय आता!" तुम्ही म्हणालात, "बघाच." मग आठ दिवस इनलेटची, म्हणजे इंजिनात पेट्रोल-हवा शिरते ती वाट आतून एमरी पेपरनं घासत बसलात, गुळगुळीत होईपर्यंत. मला सांगायचात, "ताकद बाहेरून घालता येत नाय पोरी. असती तीच अडलेली असती, ती मोकळी करायची." शेवटचं काम राहिलं ते हेडचं. हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण; ते थोडं घासलं की पिस्टनच्या वरची जागा कमी होते, पेट्रोल जास्त दाबलं जातं, जोर वाढतो. ते काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. "एक मिलिमीटर. त्याच्या पुढं नको, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टन जळतो."

मला आयटीआयला टर्नर ट्रेडला घालताना काका काय काय बोलले होते, आठवतंय ना? पोरगी लेथवर उभी राहणार, लग्न कोण करणार, हे आणि ते. तुम्ही एका वाक्यात त्यांचं तोंड बंद केलंत. कंपनीत लागले तेव्हापासून तर गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचात, "माझ्या पोरीचा हात शतांशाला चुकत नाय." मला लाज वाटायची आणि आवडायचंही. तर जेवणाच्या सुट्टीत, सुपरवायझरला विचारून, मी ते हेड लेथवर बांधलं. एक मिलिमीटर काढलं. मापलं. बरोबर एक. तिथंच थांबायला हवं होतं, पण थांबेल ती मी कसली! गाडी चढावी असं वाटत होतंच, पण खरं सांगू? ती माझ्यामुळे चढावी असं वाटत होतं. एकानं जोर येतो तर दीडनं किती येईल, अशी अक्कल. टूल अर्धा मिलिमीटर आत घेतलं आणि अजून एक कट मारला. चकाकत होतं हो, आरशासारखं.

तरी वाचलो असतो आपण. तुमची ती कणकेची रीत होती ना. कुठलंही इंजिन जोडून पक्कं करण्याआधी पिस्टनवर कणकेची गोळी ठेवायची, हेड बसवायचं, हातानं एक फेरा फिरवायचा, परत उघडायचं आणि दबलेली कणीक ब्लेडनं कापून तिची जाडी व्हर्नियरच्या मापपट्टीनं मोजायची, म्हणजे आत किती जागा उरलीय ते कळायचं. आई करवादायची, "माझ्या परातीत ते ऑइलचे हात घालू नका!" आपलं इंजिन जोडायचं त्या सकाळी मात्र तिनं आपणहून गोळी काढून पुढे धरली. मी ओट्याशी उभी राहून पोळी खात होते. तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "राहू दे आज. पोरीनं मापलंय." अण्णा, तेव्हा बोलले असते तर एक शिवी खाल्ली असती आणि विषय संपला असता. मी पाणी प्यायले.

दसऱ्याला निघालो. हेडलाइटला झेंडूची माळ, तुम्ही नव्या शर्टात, मागे मी. कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि तिथून गाडी वर वळवलीत. काय ओढत होती! पहिल्या दोन वळणांना तुम्ही हसत होतात, मला पाठीवरून कळत होतं. नंतर तो आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा, टणटण टणटण. तुम्ही मान वळवून ओरडलात, "ऐकतीस का? ठोकतंय!"

मला तुमच्याही आधीपासून ऐकू येत होतं. मी म्हणाले, "नाही हो. मला नाही ऐकू येत."

तुम्ही ॲक्सिलरेटरची मूठ तशीच पिळलेली ठेवलीत. माझे कान तरुण, तुमचे म्हातारे, असंच वाटलं असणार तुम्हाला. पुढच्या चढावर पिस्टन जाम झाला. मागचं चाक अडकलं, गाडी आडवी घसरली; तुम्ही क्लच दाबलात म्हणून कठड्याच्या अलीकडे थांबलो. कोपर सोलवटलं तुमचं, मला खरचटलंही नाही. टेम्पोत गाडी घालून आणली. गॅरेजमध्ये जळका पिस्टन हातात घेऊन तुम्ही विचारलंत, "किती काढलंस गं?" मी म्हणाले, "एक." व्हर्नियर हाताशी पडलेला होता. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग माझंच चुकलं. एकानं ठोकत नाय, दुसरंच काय तरी वाजत होतं, मला ओळखू आलं नाय," म्हणालात.

त्यानंतर तुम्ही स्क्रूड्रायव्हर कानाला लावलात तो शेजारच्या गॅरेजवाल्याला विचारूनच. "तू ऐक रे जरा. माझा कान गेला." तुमचं बरोबर असायचं तेव्हाही त्याच्या तोंडाकडे बघत राहायचात. मी काय केलं, तर तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं! डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत. तुम्ही बाहेर आल्यावर म्हणालात, "त्याला इंजिनातलं काय कळतंय?" मी रिक्षा बघायला पुढे गेले. हळूहळू इंजिनं येईनाशी झाली. तुम्ही पंक्चर आणि ऑइल बदलण्यावर आलात आणि तसेच गेलात. कधी वाटतं, तुम्हाला कळलं असेल. पण छे! कळलं असतं तर गल्ली जमवून शिव्या घातल्या असत्यात, पोटात ठेवणारा माणूस नव्हतात तुम्ही.

तुमच्या वर्षश्राद्धानंतर मी नवा पिस्टन घातला आणि हेडखाली अर्ध्या मिलिमीटरचं तांब्याचं पॅकिंग. म्हणजे तुमचा एक. कणीकही लावून बघितली. मागे नवऱ्याला बसवलं आणि घाट चढले, टॉप गिअरमध्ये, इगतपुरीपर्यंत. एकदाही ठोकलं नाही. तुमचं सगळं बरोबर होतं अण्णा, माप आणि कान दोन्ही. तिथं गाडी बाजूला लावून मी भोकाड पसरलं. नवरा घाबरला, काय झालं म्हणून विचारत राहिला. मी सांगितलं, अण्णांची आठवण आली. घरी आईनं विचारलं, "चढली का?" म्हटलं, "चढली." "मग डोळे का सुजलेत?" म्हटलं, "वाऱ्यानं."

बघा, जिवंत माणसांनाही मी अजून सांगितलेलं नाही. हा कागद घडी करून कपड्यांच्या खाली जाईल, दुसरं काय. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. तुम्ही आत्ता दारात येऊन उभे राहिलात आणि पुन्हा विचारलंत, "किती काढलंस गं?" तर माझ्या तोंडून "एक" असंच निघेल.