आजीकडे कुत्रा आहे

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकले ती कमरेला हात लावूनच सरळ झाले, म्हणजे प्रकृती कशी आहे ते तुला कळलं.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढतेस की अजून मुलगाच वर नेऊन बसवतो?

पार्सल पोचलं. आत निघालं ते असं: इंग्रजीचं पुस्तक एक, लोकरीचे मोजे एक जोड, आणि पानांत खुणेला घातलेला तुझा जुना फोटो. वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने बारा रुपये मोजून घेतले, म्हणजे भेट तुझी आणि अर्धं टपाल माझं. ते असो. खरी किंमत पुढेच मोजावी लागली, तेच सांगायला बसले आहे.

तू जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंस म्हणून तुझ्यापुढे पदर पसरला. कारण तुला लिहिलं नव्हतं, आता लिहिते. दर रविवारी चिरंजीवांचा फोन येतो. नात चार वर्षांची, इंग्रजीखेरीज अक्षर बोलत नाही. मी मॅट्रिक (इंग्रजीत छत्तीस मार्क, त्यातले चार परीक्षकाच्या दयेचे), त्यामुळे ती बोलू लागली की रिसीव्हर ह्यांच्या हातात. मागच्या महिन्यात तिने बापाला विचारलं, आजीला आवाज नाही का? सुट्टीत आजीकडे जायचं का म्हटलं तर म्हणाली, तिथे मी कुणाशी बोलू? चिरंजीवांनी हे हसत हसत सांगितलं. मीही हसले. मग आत जाऊन घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

तर पुस्तक उघडलं. सगळं पुस्तक एका 'हॅव'वर, म्हणजे अमुक माझ्याकडे आहे, तमुक माझ्याकडे आहे. वर तुझी तांबडी शाई: रोज पाच वाक्यं, मोठ्याने आणि मनापासून. ताई, घोळ तिथेच झाला. मला निवांत वेळ ती सकाळी देवासमोर दिवा लावल्यावरची, म्हणून वाक्यंही तिथेच म्हणायचं ठरवलं. आता देवासमोर खोटं कसं बोलायचं, आणि तेही मनापासून? मला दोन हात आहेत, मला बहीण आहे, इथवर ठीक चाललं. माझं घर आहे, यावर हे बाहेरून ओरडले, "भाड्याचं आहे म्हणावं! देवाला पावत्या माहीत असतात." ते वाक्य पुटपुटले. पुढचं वाक्य, मला सर्दी आहे. मला नव्हती. मग ओल्या केसांनी दोन रात्री खिडकीशी झोपले आणि तिसऱ्या दिवशी खणखणीत शिंक देऊन वाक्य म्हटलं. (वाक्य एका दिवसाचं, सर्दी अकरा दिवसांची. हे म्हणाले, पुढे क्षयाचं वाक्य नाही ना ते आधी बघून घे.)

मग आली मोटार. खालच्या डॉक्टरांकडे किल्ली मागितली, ती मुठीत धरून वर आले, देवासमोर 'आय हॅव अ कार' म्हटलं आणि किल्ली परत केली. पाच मिनिटांपुरती का होईना, मोटार माझ्या मुठीत होती, खोटं नाही. डॉक्टरांनी पैसे न घेता माझा रक्तदाब तपासला. दोनदा तपासला.

आणि मग तेविसावं वाक्य. आय हॅव अ डॉग.

कुत्रा समोरच्या शिंप्याचा. नाव वकील, कारण भुंकतो फार आणि निकाल काही लागत नाही. शिंपी चार दिवस लेकीकडे निघाला होता. मी कुत्रा मागितला तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचं कर्ज मागून घेत होते. "न्या काकू, न्या. आजवर सगळे याला परतच आणून देत आले." ताई, चार दिवस मी काय सांगू! पहिल्याच दिवशी तुझे मोजे गेले. दुसऱ्या दिवशी ह्यांची आरामखुर्ची त्याने घेतली, हे स्टुलावर बसून पेपर वाचू लागले, आणि पान उलटलं की तो गुरगुरे, म्हणून पहिलंच पान तीन-तीनदा वाचत. मी देवाजवळ नवस बोलले की हे एक वाक्य पार पडू दे, पुन्हा जन्मात घरात जनावर आणणार नाही.

अशात रविवार उजाडला. फोन वाजला, आणि मी ह्यांच्या आधी उचलला. बावीस वाक्यं कुठे पळाली देव जाणे, एकच उरलं. म्हटलं, "आय हॅव अ डॉग." वकील तेव्हाच भुंकला. त्याच्या आयुष्यातली पहिली खरी साक्ष. पलीकडून अशी किंकाळी आली की कान बधिर झाला. पोरगी सुटलीच! मला दहातला एक शब्द कळेना, मी प्रत्येकाला यस, यस म्हणत गेले. अकरा मिनिटं बोललो, ताई. माझ्याशी. शेवटी चिरंजीव आले. "आई, तू कुत्रा पाळलास? दोन वर्षं आमचं डोकं खातेय कुत्र्यासाठी! आता म्हणते, सुट्टीभर आजीकडेच राहणार. तिने तुला विचारलं, तू यस म्हणालीस."

सोमवारी शिंपी आला आणि कुत्रा घेऊन गेला. सुट्टीत पुन्हा देशील का विचारलं, तर तो महिनाअखेर बिऱ्हाड हलवून लेकीच्या गावी चालला आहे, वकिलासकट. रविवारी खरं असलेलं वाक्य सोमवारी खोटं झालं, आणि पोरगी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला येते आहे. हे म्हणतात, कुत्रा नाही म्हणून सांगून टाक. कसं सांगू? आजीला आवाज फुटला तो थाप मारायलाच, असंच ना तिला वाटायचं? देवासमोर बसते पण वर बघवत नाही. ठरवलं आहे, इंग्रजी पुरे. पुस्तक परत पाठवते आहे. पुढचा भाग पाठवू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. पुस्तक ठेवून घेतलं. परत पाठवायचा टपालखर्च फार होतो.

ता. क. दुसरा. पुढच्या भागात 'माझ्याकडे नाही' कसं म्हणायचं ते असेल तर तो भागही नको. मला ते शिकायचं नाही.

ता. क. तिसरा. तुझ्या खालच्या शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली होती ना? एखादं उरलं आहे का? रंग तपकिरी हवा, एक कान काळा, आणि रात्री माझ्या पायाशी झोपणारं. (मी कशाकशाला यस म्हटलं त्याची यादी चिरंजीवांनी पाठवली आहे.) नवसाचं मी देवाशी बघून घेईन. तू पिल्लाचं उलट टपाली कळव.