कचेरीच्या मोटारीची गळती

प्रति,
मेहेरबान तालुकदारसाहेब,
जिल्हा उस्मानाबाद.

अर्जदार : सोमलिंग बंडप्पा, वय ४६, मोटार ड्रायव्हर, राहणार धाराशिव.

विषय : मोटारीतून तेल कोठून गळते ते सापडल्याबाबत, आणि गळती बंद करण्याचे काम अर्जदाराच्याच हाती देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज, ता. ११ बहमन.

हुजूर,

१. अर्जदार अकरा वर्षे कचेरीची मोटार चालवतो व तिची देखभालही तोच करतो. मागील महिन्यात मुलीच्या सोयरिकीसाठी तो चार दिवस ईट गावी गेला होता. तेवढ्यात मोटार बलभीम उत्तरेश्वर या मिस्त्रीच्या छपरात नेऊन इंजिन खोलण्यात आले. बलभीमचे वय अठ्ठावीस. सोलापुरात सहा वर्षे काम शिकून आला आहे. त्याने बेअरिंगा बदलल्या. दोन वर्षांची खडखड गेली. नंतर परंड्याच्या रस्त्यावर हुजूर मागच्या बैठकीवरून म्हणाले, "आता कुठं मोटारीत बसल्यासारखं वाटतं." अकरा वर्षे हुजुरांच्या कचेरीस अर्जदारानेच मोटारीत बसवले, याची नोंद व्हावी.

२. पुढे तेल गळू लागले. मोटार उभी राहील तेथे भाकरीएवढा डाग पडे. लढाईमुळे तेल चिठ्ठीवर मिळते, म्हणून अर्जदाराने मागील अर्ज दिला. त्यात लिहिले की, गळती दुरुस्तीच्या दिवसापासून असून इंजिनाच्या तळाचे भांडे, ज्यास कामगार चेंबर म्हणतात, त्याचे पॅकिंग बलभीमने कच्चे बसवले. त्यावर हुकूम झाला की, बलभीमने शुक्रवारी सकाळी आवारात येऊन तपास करावा, तोवर कोणी पाना लावू नये, आणि ज्याची कसूर निघेल त्याचा हात मोटारीवरून कायमचा काढावा. त्या दिवशी अर्जदार दोन भाकरी जास्त जेवला.

३. हुकूम कळताच बलभीम स्वतः कचेरीत आला. नाझरसाहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला. अर्जदारास त्या खुर्चीवर आजवर कोणी बसवलेले नाही. बलभीम चारचौघांत म्हणाला, "मामा, चुकलं असंल तर माझंच असंल. तुमी बसा निवांत, म्या बघतो." या बोलण्यात वावगे काही नव्हते. अर्जदारास ते फार लागले.

४. पॅकिंग कच्चे आहे हे शुक्रवारपूर्वी पुराव्यानिशी दाखवावे, असे अर्जदाराने ठरवले. हुकुमात पाना मना आहे, राख मना नाही, असे समजून त्याने इंजिनाचा तळ रॉकेलने पुसून कोरडा केला आणि घरच्या डब्यातील विभूती सगळीकडे चोळली. जेथे तेल येईल तेथे ती भिजून काळी पडते. मग टपाल घेऊन तो ढोकीस जाऊन आला. परत येऊन मोटारीखाली निजून पाहिले. पॅकिंगच्या चारही बाजू पांढऱ्या स्वच्छ होत्या. काळी रेघ एकच, तेल काढण्याच्या नटाशी.

५. तो नट बलभीमनंतर एकाच माणसाने खोलला होता. दुरुस्तीनंतर चौथ्या दिवशी, आवारात कोणी नसता, अर्जदाराने थोडे तेल काढून बोटावर चोळून पाहिले. बेअरिंगचा चुरा सापडला असता तर बलभीमचे काम उघडे पडले असते. चुरा निघाला नाही. तेल मधासारखे स्वच्छ होते. मनस्तापात नट परत बसवताना त्याखालचा वायसर, म्हणजे तांब्याची गोल कडी, राहून गेला. पहिले तीन दिवस तेलाचा थेंबही पडला नव्हता. मागील अर्जातील "दुरुस्तीच्या दिवसापासून" हे शब्द खोटे आहेत.

६. वायसर अर्जदाराच्या कोटात होता. काल पत्नी रुद्रम्मा कोट धुवायला घेताना तो निघाला. "कुणाची अंगठी हो ही?" असे तिने दाराला कडी लावून विचारले. सारी हकीकत सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हंजी सवत तुमच्यावर आली म्हना."

७. कसूर अर्जदाराची आहे. हुकुमाप्रमाणे त्याचा हात मोटारीवरून काढला जावा, त्यास हरकत नाही. विनंती एवढीच की, उद्या शुक्रवारी बलभीमला बोलावू नये. तो आला तर एका नजरेत ओळखील. ओरडणार नाही, कोणास सांगणारही नाही. "असू द्या मामा" म्हणून नट बसवील व हात पुसून जाईल. त्याने शिवी दिली तर अर्जदार ऐकून घेईल. माफी दिली तर या गावात राहणे अर्जदारास कठीण आहे.

८. वायसर बसवण्यास एक पाना व पाव घटका लागते. ती पाव घटका आज संध्याकाळच्या आत अर्जदारास मिळावी. तेल थांबले की किल्ली अर्जदार स्वतःच्या हाताने बलभीमच्या छपरात नेऊन देईल, आणि गाडी चढावर दुसऱ्या गिअरात गचके खाते हेही त्यास सांगेल. ते सोलापुरात कोणी शिकवलेले नाही.

हुजुरांचा ताबेदार,
सोमलिंग बंडप्पा
(सही कानडी अक्षरांत)
ता. १७ बहमन १३५३ फसली

सोबत : उर्दू तर्जुमा, एक प्रत.

लिहिणार ज्ञानोबा, अर्जनवीस. मजकूर अर्जदारास दोनदा वाचून दाखवला. कलम ५ गाळण्याचा सल्ला दिला. अर्जदाराने मानला नाही.