साखरेच्या डब्याची किल्ली

सोम. ८ डिसें.
मानवजातीवर आज कोसळलेल्या संकटाची कुठेतरी नोंद हवी: मीठदाणीचं झाकण निघालं आणि चारपैकी दोन उकडलेली अंडी मिठात गाडली गेली. धुऊन खाल्ली. पोळी नाही, भात नाही, चहासुद्धा नाही. डायबेटीसवाल्याने याहून सज्जन काय असावं! तरी दोन तासांनी बोट टोचलं तर साखर चाळीसने वर.
म्हणजे घरात फितुरी. बायकोला म्हटलं, "शैला, माझ्या खाण्यात तू साखर घालतेस."
"अंड्यात? सुईनं टोचू काय?"
साखरेचा डबा माझ्या कपाटात. कुलूप. किल्ली खिशात.

मंगळ. ९
दुपारी शै.च्या भिशीच्या बायका. चहाला साखर कुठून? शेजारच्या कुंदाताईंकडून वाटीभर उसनी आणली. माझ्याकडे किल्ली मागितली नाही. पंचवीस वर्षांत पहिलं उसनं.

गुरु. ११
भाची मृणाल आली. स्वादुपिंडाच्या पेशींवर संशोधन करते. सगळं ऐकून कपाळाला हात लावला.
"मामीले काहून छळून राहिले, मामा? अंड्यांनीच वाढली."
"अंड्यात कुठली साखर?"
"प्रथिनं आहेत ना. त्यांची अमिनो आम्लं रक्तात आली का स्वादुपिंडातल्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडतात. ते यकृताले सांगते, साखर काढ बाहेर."
"नसती उठाठेव!"
"नसती कशी? त्याच आम्लांनी इन्सुलिनबी वाढते. एकटं इन्सुलिन वाढलं असतं, तर नुसती अंडी खाणारा साखर उतरून चक्कर येऊन पडला असता. म्हणून दोघं संगं. तुमचं इन्सुलिन थकलं, ग्लुकॅगॉन जोरात."
थक्क. डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी. ताटात भात असला की गप्प, नुसती प्रथिनं आली की जाग्या. लग्नात कोठी सांभाळणारी आत्या असते तशा: पंगतीत काय कमी पडेल ते आधी हेरून किल्ली काढणाऱ्या.
आणि मी? किल्ली खिशात घालून बसलेला.

शुक्र. १२
शै.ला सांगितलं, अंड्यांनीच वाढली होती.
"अंड्यांचं कळलं. माझं?"
खिशातली किल्ली चाचपत बाहेर आलो.

शनि. १३
कपाट उघडलं. डबा ओट्यावर, जागच्या जागी. किल्ली त्याच्या झाकणावर. शै. पाठमोरी, पोळ्या लाटत. लाटणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू.
कुंदाताईंची वाटी तिथेच होती. उसनं सपाट फेडू नये म्हणतात. शीग लावून भरली, हाताने झाकत नेली.
"भाऊजी, तुम्ही? शैलाताई काहून नाही आल्या?"
"उसनं माझं होतं."