गच्चीवरची चाळीस मिनिटं

११ मार्च
ससाण्यांचं तिसरं अंडं! इस्पितळाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागच्या खडीत. वनखात्याच्या बाईंनी तिथल्या कॅमेऱ्याचा पडदा माझ्या नोंदणी-खोलीत ठेवलाय. त्यात चित्रण साठत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला वहीत लिहायचं काम माझ्या गळ्यात — ससाणी अंड्यांवर आहे की नाही. मी तिला बाईसाहेब म्हणते. तिचे नवरोबा जेमतेम अर्धा तास बसतात आणि सटकतात.

१९ मार्च
टाकी गळत होती. भावोजी रीतसर विचारून वर गेले — इथले प्लंबर तेच. दहा मिनिटांत खाली. मी लिहिलं, ‘प्लंबर, दहा मिनिटं.’ हसले. "मेव्हणी असून माझी हजेरी मांडतेस होय?"

२४ मार्च
कॅमेऱ्याच्या काचेवर पक्ष्याची शीट उडालेली, पडद्यावर नुसतं धुकं. बाई सुट्टीवर. सकाळी फडकं घेऊन मीच वर गेले, कुणाला न विचारता. बाईसाहेब किंचाळत उडाल्या. पुसताना स्क्रू ढिला झाला, कॅमेरा लोंबकळला. तो बसवेपर्यंत चाळीस मिनिटं. बोचऱ्या वाऱ्यात माझी बोटं गारठून आखडली — आणि अंडी तशीच उघडी.

खाली येऊन लिहिलं, ‘ससाणी अंड्यांवर.’ घाबरले, म्हणून लिहिलं. दुसरं कारण नाही.

१३ एप्रिल
तेहतीस दिवस भरले. काही नाही.

२० एप्रिल
अजून बसलीय. चोचीने अंडी उलटवते, पुन्हा पोटाखाली ओढते. बघवत नाही. दर अर्ध्या तासाला बघावं लागतं.

२ मे
ती उठून गेली, परतली नाही. अंडी तपासणीला पाठवली. बाईंनी अख्खी वही चाळली आणि एकाच ओळीवर बोट ठेवलं. "इथे प्लंबर वर गेला होता?"
मी म्हटलं, हो. इतकंच. खोटं काहीच बोलले नाही, आणि तरी दिवसभर तोंड कडू.

५ मे
अंडी बिघडवली म्हणून व्यवस्थापकांनी भावोजींना कामावरून काढलं; वर जायची परवानगी दिल्याचं कुणीच कबूल करेना. ताईचा फोन — "दहाच मिनिटं ना गं? तूच लिहिलंयस. सांग ना त्यांना, दहा मिनिटांनी काय होतंय!" सांगते म्हटलं.

६ मे
उद्या सांगणार.

७ मे
व्यवस्थापकांच्या दारापर्यंत गेले. आतून "काय हवंय?" आलं. कागदांवर सही घेऊन परत आले.

बाई म्हणतात, पिल्लू आत कधी मेलं ते तपासणीत कळतं, जवळजवळ तारखेसकट. चोवीस मार्च निघाली तर माझं काही खरं नाही.

१६ मे
अहवाल आला. तिन्ही अंड्यांत गर्भ कधी धरलाच नव्हता. भावोजींची दहा मिनिटं नाहीत, माझी चाळीसही नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या हसूच फुटलं. लाज वाटली, तरी थांबेना.

ताईला फोन लावला. भावोजींनी घेतला. अहवालाचं त्यांना आधीच कळलं होतं, पण त्यांच्या जागी दुसरा माणूस लागलाय. म्हणाले, "जाऊ दे गं. सगळ्यांनी हात वर केले. तू तरी वहीत खरं तेच लिहिलंस."