थोरलं कार्ड, धाकटं कार्ड आणि स्क्रीनची तार

तीर्थरूप बाबांस,

जावयाचा नमस्कार, तोही नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून. आपला गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? (आईंना विचारलं तर त्या ‘कसली गोळी?’ म्हणतात, म्हणून थेट आपल्यालाच विचारतो.) इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, निदान शुक्रवारी दुपारी पावणेचारपासून तरी आहोत. त्याआधीचे पाच दिवस कसे गेले ते फोनवर सांगितलं असतं, पण आपली लेक आणि फोन एकाच खोलीत असतात. म्हणून हे पत्र.

आपल्याला ठाऊकच आहे की इमारती बांधून व्हायच्या आधी ती त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावर उभं करते. या खेपेला दोनशे खाटांचं हॉस्पिटल होतं. शुक्रवारी चार वाजता आर्किटेक्टबाई आमच्या बाहेरच्या खोलीत बसून, माउस हातात घेऊन, त्यात स्वतः फिरणार होत्या. पसंत पडलं तर पुढची दोन वर्षं त्यांची सगळी कामं हिला. नाहीतर परत ते जुनं ऑफिस, जिथे हिला तीन वर्षं नुसती झाडं आणि उभ्या गाड्या काढायला बसवलं होतं. आणि आमच्या कॉम्प्युटरवर ते हॉस्पिटल सेकंदाला बावीस फ्रेमच्या वर जाईना. साठ तरी लागतात. बावीस फ्रेमला माणूस कॉरिडॉरमधून चालत नाही, ठेचकाळत जातो.

तेव्हा पडद्यावरची चित्रं भराभर काढणारं नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं आणि निवडीचं काम मी मागून घेतलं. (‘हे माझ्यावर सोड’ हे वाक्य मी संसारात आजवर तीनदा बोललोय आणि तिन्ही वेळा शेवटी प्लंबर बोलवावा लागलाय.) पण मी पडलो मुद्रितशोधक. दोन मजकूर शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडून बघण्यात माझी हयात गेली. दोन कार्डं निवडली, त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणू. थोरल्याची मेमरी सोळा जीबी, धाकट्याची बारा. थोरल्याला वीज जास्त लागते, धाकट्याचा क्लॉक स्पीड जास्त. थोरलं लांबीला माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत. मी एकोणीस रकान्यांचा तक्ता केला. दुकानदार भला माणूस, म्हणाला दोन्ही घेऊन जा, नको ते शनिवारी परत आणा.

सोमवारी जुनं कार्ड काढलं, धूळ पुसली, थोरलं बसवलं, सगळ्या तारा पुन्हा जोडल्या आणि हॉस्पिटल उघडलं. नऊ फ्रेम. बावीसचे नऊ. तिनं खुर्ची मागे घेतली. मंगळवारी धाकटं बसवलं. नऊ. बाकीच्या रकान्यांत मात्र दोघांनी कमाल केली. तापमान चौतीस अंश, पंख्याचा आवाज शून्य, विजेचा खप नावाला. मी ‘स्वभाव’ असा विसावा रकाना पाडून दोघांनाही पैकीच्या पैकी दिले. (जो काम करत नाही तो तापत नाही, हे आमच्या साहेबांकडे बघून तरी सुचायला हवं होतं.)

त्याच संध्याकाळी आपला फोन आला. आपण सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “जावईबापू, स्क्रीनची तार कुठून कुठे गेलीय तेवढं बघा.” आणि मी, ज्याला घरातला फ्यूज बदलता येत नाही तो मी, टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाला म्हणालो, “बाबा, हल्ली तारेत काही नसतं, आता आर्किटेक्चर बघतात.” आपण नुसतं ‘बरं’ म्हणालात. त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते मला शुक्रवारी कळलं.

बुधवारी मी तीनदा कार्डाचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकला आणि दुकानदाराला समास सोडून दोन पानी निषेध लिहिला. तो म्हणाला, त्याच्याकडे धाकटं नव्वदच्या घरात चालतं. मी त्याला खोटारडा ठरवून मोकळा झालो. गुरुवारी दुपारी तिनं हॉस्पिटल हलकं करायला घेतलं. आधी बागेतली झाडं काढली, मग खुर्च्या, मग रांगेत बसलेले पेशंट. अकरा फ्रेम झाल्या. सहा महिने खपून उभं केलेलं ती आपल्या हातानं पुसत होती आणि मी तिच्या पाठीमागे तक्ता घेऊन उभा होतो. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी तीनच्या पुढे ती म्हणाली, “जुनंच परत लाव. बावीस तर बावीस.” आणि चहा टाकायला उठली. कार्ड सोडवायचं कसं ते बघायला मी माहितीपुस्तिका घेतली, ती चौथ्या पानावर उघडीच होती. त्या पानावर दोन चित्रं आहेत. एकात तार कार्डाच्या भोकात, तिथे बरोबरची खूण. दुसऱ्यात वर कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डाच्या, मदरबोर्डच्या भोकात, तिथे फुली. सोमवारी हे पान मी वाचलं होतं, बाबा. समासात पेन्सिलीनं ‘फुली अस्पष्ट, ठळक करावी’ असं लिहून पुढे गेलो होतो. मागे वाकून बघितलं तर तार फुलीच्या जागी. म्हणजे पाच दिवस मी ज्या दोन कार्डांची तुलना करत होतो ती दोन्ही आत स्वस्थ बसून होती आणि फ्रेम मोजत होतो त्या तिसऱ्याच कुणाच्या, मदरबोर्डवर मुळातच असलेल्या दुबळ्या चिपच्या. तार बदलली. अठ्ठ्याऐंशी.

ती आत आली, आकडा बघितला आणि विचारलं, काय केलंस? मी म्हणालो, “बायोसमध्ये जरा खोल शिरावं लागलं.” (बायोस म्हणजे काय ते मला माहीत नाही.) तिनं प्रत ठेवली होती म्हणून झाडं, खुर्च्या, पेशंट सगळे परत आले. आर्किटेक्टबाई चाळीस मिनिटं फिरल्या, मुलांच्या वॉर्डात खिडकीपाशी बराच वेळ थांबल्या, आणि जाताना काम देऊन गेल्या.

आईंना नमस्कार.

आपला,
जावई

ता. क. आपण पुढच्या रविवारी येताय. आपल्यासारखा धोरणी माणूस समजून घेईलच, पण तिच्यासमोर ‘तार’ हा शब्द निघू नये, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

ता. क. २. थोरलं परत केलं. ते खरं किती पळतं ते आता कळायचं नाही. तक्त्यात त्याच्यापुढे नऊच राहिलेत.

ता. क. ३. बाबा, अक्षर ओळखलंत ना? पाकिटावर पत्ता घालायला त्यानं हे माझ्याकडेच दिलं, न चिकटवता. शुक्रवारी तुम्ही मला फोन करून तारेचं सांगितलंत, ते मी त्याला सांगितलं नाही. गुरुवारचं त्याचं तोंड मला बघवलं नव्हतं. पुस्तिका त्या पानावर उघडून ठेवली आणि चहाला गेले. आठ मिनिटांत सापडलं नाही तर मीच येऊन लावणार होते. सात झाली होती, मी दाराआड उभी होते. रविवारी तुम्हीही काही बोलू नका. बायोस म्हणतोय, म्हणू दे.